‘थांब’ लिहिलेले सव्वीस पत्ते

शुक्रवार, १२ जून

धाकट्यास,

घरी सगळी ठीक आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता कमी दुखतो, जिना चढते. एरवी मी इथे आशीर्वाद लिहितो. आज लिहवत नाही.

सोमवारी सकाळी देवापुढे हात जोडले आणि तुझ्याच कामाला बसलो. ‘जा’चा कॅट. ‘जा’ लिहिलेले सव्वीस पत्ते बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर आखूड कापून झाले होते, कडा राहिल्या होत्या. प्लास्टिक कापलं की बारीक धार राहते, ती बोटाला कळते. म्हणून ओल्या पॉलिश पेपरवर एकेक पत्ता फिरवावा लागतो. तेवढ्यात ताईचा फोन आला.

“अरे, ऑपरेशन रद्द केलं मी.”

“का?”

“देव नको म्हणाला. धाकट्याच्या बैठकीला गेले होते. तीनदा पत्ता काढला, तीनदा ‘थांब’! बाकीच्या पत्त्यांवर वेगवेगळं लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तू एवढा देवाचा माणूस, तूच सांग, योगायोग तीनदा होतो का?”

पोटात गाठ घेऊन ती हसत होती. पंधरा दिवसही घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा तूही तिच्या शेजारी बसला होतास. आणि मी फोनवर काय म्हणालो? “बरं” म्हणालो.

मग तुला फोन केला. तुझी वाक्यं इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तुला नाकारता येणार नाहीत.

“दादा, त्या दिवशी माझ्याकडे ‘थांब’चाच कॅट होता. ‘जा’चा तू दिलासच कुठे? दहा माणसं समोर बसलेली, ताई हात पुढे करून उभी. मी काय करणार होतो? तू लवकर पाठव. तिला परत बोलावतो, ‘जा’ निघेल, जाईल ती दवाखान्यात. एवढं काय मनाला लावून घेतोस?”

लाज कशी वाटली नाही रे तुला? खिशात दुसरा कॅट नव्हता म्हणून सख्ख्या बहिणीला मरायला सोडलंस! “ताई, आज राहू दे” एवढं म्हणायला तोंड नव्हतं? दहा माणसांत तुझी शोभा झाली असती, इतकंच ना? व्हायला हवी होती. जादूगार होतास तोवर मी तुझा अभिमान बाळगला. लोक फसायलाच तिकीट काढून येत आणि हसत घरी जात. आता लोक रडत येतात, आणि तू त्यांना देवाच्या नावाने माझे पत्ते दाखवतोस.

माझे पत्ते. हे लिहायचं मी मघापासून टाळतोय.

मला ठाऊक होतं. राजा-राणी पुसून पत्त्यांवर शब्द हवेत, असं तू म्हणालास तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. स्टेजवर ‘क्षमा कर’ कशाला लागतं? “शिक्का नको दादा, हाताने लिही, हाताचं खरं वाटतं,” म्हणालास, तेव्हा तर सगळं उघड होतं. पण असं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही, असंही तू म्हणालास. मी फुशारलो. गावच्या शाळेत मास्तरांनी घोटून घेतलेलं अक्षर तुझ्या दुकानदारीला दिलं.

आणि त्या फोननंतरही मी तीन दिवस ‘जा’च्या कडा घासत बसलो! वाटलं, तुझंच बरोबर आहे. कॅट द्यावा, ताई दवाखान्यात जाईल, कुणाची अब्रू जाणार नाही. गुरुवारी सकाळी शेवटचा पत्ता पुसला, कॅट अंगठ्याखालून सोडला, बोट घातलं. कुठेही घाला, आखूड पत्ताच वर येतो. ‘जा’. पुन्हा घातलं. ‘जा’. इतकं सुरेख काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. आणि मला शिसारी आली. उद्या ती औषध घेऊ की नको तेही तुलाच विचारायला येणार. देवाच्या तोंडी खरं घालायलासुद्धा आपल्याला खोटाच पत्ता लागावा?

दुपारी ताईकडे गेलो. कॅट तिच्यापुढे धरला. तिने पत्ता काढला आणि तिचा चेहरा उजळला. “बघ, आता जा म्हणतोय!”

“पुन्हा काढ.”

पाचव्यांदा ‘जा’ निघाल्यावर तिचं हसू गेलं. मी सगळा कॅट जमिनीवर पालथा केला आणि आखूड पत्ते वेगळे काढून तिच्या हातात दिले. तिने एक पत्ता डोळ्यांजवळ धरला.

“हे तुझं अक्षर आहे.”

“हो.”

“तेही तुझंच होतं?”

“हो, ताई.”

“म्हणजे देव काही बोललाच नाही?”

“नाही. धाकटा बोलला. मी त्याला लिहून दिलं.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पत्ते नीट जुळवून माझ्या हातात ठेवले, तुझ्या वहिनीला फोन लावला आणि दवाखान्यात कोणत्या फाइली न्यायच्या ते विचारत बसली. बुधवारी ऑपरेशन आहे. मधले दिवस वाया घालवल्याबद्दल डॉक्टर रागावले. गाठ किती वाढली ते उघडल्यावरच कळेल म्हणाले.

तू येऊ नकोस, असा तिचा निरोप आहे. माझ्यासाठीही तोच आहे.

तुला हे पत्र मिळेल तोवर तुझ्या बैठकीतल्या माणसांनाही सगळं कळलेलं असेल. आज सकाळी तू आत बैठकीची तयारी करत असताना तुझ्या दारात उभा राहून मी येणाऱ्या प्रत्येकाला कॅट उलटा करून दाखवला, आणि कुणी केला तेही सांगितलं.

दादा