बाबांचा टीव्ही गेम

रविवार, ५ जानेवारी २०२५
श्रेयस पुण्याहून आला. त्याला बघून बाबा हसले! लकवा झाल्यापासून मीच त्यांना भरवते, अंघोळ घालते, गोळ्या देते. माझ्याकडे बघून एकदाही हसले नाहीत. धाकट्या भावाने नुसती बॅग खाली ठेवली आणि चेहरा फुलला.

सोमवार, ६ जानेवारी
श्रेयसने माळ्यावरून आमचा लहानपणीचा टीव्ही गेम काढला. जुन्या कॅसेट चालेनात. त्याने मेमरी कार्ड बसणारी एक कॅसेट सोबत आणलीच होती. म्हणे, या जुन्या मशीनसाठी हौशी लोक अजून नवे गेम बनवतात आणि फुकट देतात. बाबांनी अडखळत विचारलं, "चोरीचं नाही ना?" रामकुंडावर जन्मभर पूजा सांगितलेला माणूस! आजारपणात एवढं पहिल्यांदाच बोलले — आणि तेही श्रेयसशी. त्याने गेम बनवणाऱ्याचं इंटरनेटवरचं पान वाचून दाखवलं: गेम माझा स्वतःचा आहे, मोफत घ्या, मोफत वाटा. बाबांचं समाधान झालं.

बुधवार, ८ जानेवारी
व्यायाम घेणाऱ्या साधनाताई उजव्या हाताने मऊ चेंडू दाबायला सांगतात. मी दिला की बाबा मूठच उघडत नाहीत. आज त्याच हाताच्या अंगठ्याने बटण दाबत होते. पडद्यावर माकड पेरू गोळा करतंय, श्रेयस "बाबा, मेलात!" म्हणून हसतोय, बाबाही हसतायत. मी आत मेथी निवडत होते. हेवा वाटला. सख्ख्या भावाचा. लिहितानाही लाज वाटते, पण वाटला.

शनिवार, ११ जानेवारी
श्रेयस पुण्याला परत गेला. मी म्हटलं, बाबा, मी खेळते तुमच्याबरोबर. "नको."

रविवार, १२ जानेवारी
कंट्रोलर कपाटात ठेवून दिला. म्हटलं, बघू मागतात का. मागितला नाही. बाबा बंद टीव्हीकडे बघत बसले. संध्याकाळी मीच काढून दिला. कसली मुलगी मी!

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. बाबा फोनवर श्रेयसशी माकडाबद्दल बोलले. माझ्या हातचा तिळगूळ मुकाट्याने खाल्ला.

गुरुवार, १६ जानेवारी
श्रेयसला जमतं ते मला का जमू नये? आज मीच शोधत बसले. दोघांनी खेळायचा हवा होता. होड्यांच्या शर्यतीचा एक सापडला, पण मोफत आहे की नाही, पानावर काहीच नव्हतं. बाबा विचारणार हे नक्की. बनवणाऱ्या बाईंनाच मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

शनिवार, १८ जानेवारी
बाईंचं उत्तर आलं — खुशाल घ्या, वडिलांना माझा नमस्कार सांगा! कार्डावर कसा टाकायचा ते श्रेयसने फोनवर सांगितलं. त्याला विचारावं लागलं याचाही राग आला.

रविवार, १९ जानेवारी
बाईंचा निरोप सांगितल्यावर बाबा खेळायला तयार झाले. त्यांचा अंगठा थरथरत होता, म्हणून मी माझी होडी हळू नेली. ते जिंकले. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला.
"मुद्दाम हरलीस."
मी नाही म्हटलं.
बाबा शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "तू मला... सांभाळतेस. श्रेयस... खेळतो."
मी आत जाऊन रडले. राग कोणावर काढू तेच कळेना.

मंगळवार, २१ जानेवारी
आज बाबांना लागोपाठ हरवलं, जराही दया केली नाही. ते माझ्यावर चिडले. आजारपणात पहिल्यांदाच! म्हणाले, "तेजू, परत लाव."