नाटकी खोकला

नीतूचे बाबा,

नीतूले घेऊन माहेरी चालली. रागावून नाही जाऊन राहिली. भात झाकून ठेवला आहे.

तुमच्या आई म्हणतात, माहेरी गेली की हिचा खोकला पळते, सारं नाटक आहे. तुमी चूप राहता. काल डॉक्टरले मी हेच सांगतलं. ते हसले नाही. "घरी झोपता कुठं?" म्हणाले. मी म्हटलं, ओल्या धानाच्या पोत्यांजवळ, काळ्या भिंतीले लागून. छातीचा फोटो पाहून म्हणाले, हे बुरशीचं दुखणं आहे, औषधाआधी जागा बदला.

पोते काढा, छपराचे गळके कवेलू फेरा, भिंत धुऊन चुना मारा. तोंडाले दुपट्टा बांधजा. मगच येईन.

रातभर नीतू खोकलली. मले बरं व्हायले माहेर आहे. तिचं माहेर हेच घर आहे. तिनं कुठं जावं?

दुर्गेश्वरी