काकांनी अस्सल ठरवलेलं नाणं

औंढा नागनाथ
१२ डिसेंबर २०२५

तीर्थरूप माणिककाकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं ‘व्हय, व्हय’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते आहे. प्रतिक्षाच्या लग्नाची गडबड असेल. पहिल्या नातीचं लग्न, तुमचा पाय घरात ठरत नसेल!

दिवाळीत तुम्ही मला दिलेलं चांदीचं नाणं मी परवा सहावीच्या वर्गात नेलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे मुलांना दाखवायचं होतं. ते टक्कन चिकटलं. सगळा वर्ग खो खो हसला. मग सराफाकडे गेले. वर दहा ग्रॅम कोरलंय, भरलं सात. तुम्ही मोबाइलवरच्या ज्या जाहिरातीतून ते मागवलं, तीही पाहिली. दुकानाचा पत्ता नाही, पक्की पावती नाही, पैसे मात्र आधी भरायचे. आणि काका, बाजारभावाच्या निम्म्यात चांदी कुणी काहून विकेल?

लग्नात आहेराला द्यायची नाणीही तिथूनच घेणार म्हणाला होतात, ती मागवली नसतील तर थांबा. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची शिला


डोंगरकडा
१८ डिसेंबर

चि. सौ. शिला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पोरांसमोर काकाच्या नाण्याची परीक्षा घेतलीस, शाब्बास!

चाळीस वर्षं गावातले लोक पैंजण असो, जोडवी असोत, आधी माझ्याकडे आणून राहिलेत. फरशीवर टाकायचं, आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा. हे नाणंही मी ओट्यावर चार माणसांदेखत वाजवलं आणि अस्सल म्हणून सांगितलं. त्या भरवशावर उकंडराव, नरसिंग धरून पाच घरं तिथूनच मागवणार आहेत. माझी पंचवीस वेगळी, व्याह्यांच्या मानाची. आता शब्द मागे घेऊ कसा? तुझं चुंबकच बिघडलं असेल.

तुझी काकू नर्मदा बरी आहे, तुझी आठवण काढते. लोभ आहेच, पण असलं शहाणपण आवर.

माणिकराव


औंढा नागनाथ
२४ डिसेंबर

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

चुंबक शाबूत आहे. मीही ते नाणं फरशीवर टाकलं. ठप्प वाजलं आणि संपलं. आईचं जुनं चांदीचं नाणं टाकलं, तर ते कितीतरी वेळ किणकिणत राहिलं. पलीकडच्या खोलीत बसलेल्यालाही फरक कळला असता.

लहान तोंडी मोठा घास घेते, पण विचारते. त्या दिवशी ओट्यावर तुम्हाला आवाज आला होता का?

कान मंदावला म्हणून तुमचा मान कमी होत नाही. पण पाच घरांचे पैसे गेले आणि व्याह्यांच्या हातात खोटी नाणी पडली, तर तुमच्या शब्दाचं काय होईल, या विचाराने माझा जीव घाबरा होतो. या काळजीला उद्धटपणा समजू नका, एवढंच मागणं.

तुमची शिला


डोंगरकडा
२ जानेवारी २०२६

चि. सौ. शिला हिस अनेक आशीर्वाद.

नाही आला.

नाणं टाकलं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या कानात काहीच आलं नाही. ऐकू येत नाही म्हणण्यापेक्षा अस्सल म्हणणं सोपं वाटलं. फार लाज वाटते, बाई. ठप्प आवाज त्या चौघांनाही आला असेल, पण मी मान हलवल्यावर कोण बोलणार?

काल पाचही घरांना ओट्यावर बोलावून खरं ते सांगितलं. उकंडराव हसला आणि म्हणाला की दादा, आधी न्हाई का सांगायचं, आमी वरडून बोललो असतो. कुणी पैसे भरले नव्हते, देव पावला. माझी पंचवीस रद्द. हिंगोलीच्या सराफाकडून अकराच घेतली, वजन करून, पक्क्या पावतीसह. कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारी जातोय. तू लग्नाआधी आठ दिवस ये.

आणि एक. तुझ्या काकूलाही सांगितलं. ती म्हणाली की तिला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. चारचौघांत माझा मान राहावा म्हणून बोलली नाही, फक्त माझ्याशी आवाज चढवून बोलत राहिली. आणि मी खुळा, दोन वर्षं मनात धरून बसलो होतो की बाई उतारवयात चिडकी झाली.

तिचे आणि माझे आशीर्वाद. अशीच हक्काने विचारत जा.

तुझा काका
माणिकराव