फोटो नसलेल्या मुली

नांदेड
४ ऑक्टोबर २०१८

ती. मल्लिकार्जुनमामांना,
राजश्रीचा नमस्कार.

मामींचा गुडघा आता बरा असेल. तुमच्या क्लासच्या नव्या बॅचचा फलक इथल्या बसस्टँडवरही लागला आहे. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते.

भूकंपाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्या गावातल्या गेलेल्या माणसांचं पान मी तुमच्या क्लासच्या वेबसाइटवर करून दिलं. ज्यांचे फोटो ढिगाऱ्यात गेले, त्यांच्या चौकटीत फक्त नाव आणि वय दिसेल, अशी सोय केली होती. तुम्ही म्हणालात, "मोकळं कशाला ठेवायचं? पान भरलेलं दिसाया पाहिजे." मी नाही म्हटलं. तुम्ही ऑफिसातून परस्पर बदल करवलात. मग फोटो नसलेल्या प्रत्येक मुलीच्या नावावर एकच फोटो येऊ लागला. तुमच्या सहावीच्या बॅचच्या जाहिरातीतली मुलगी. क्लासचं नाव कापलंत, वेण्या राहिल्या.

ती मुलगी लातुरात रोज शाळेत जाते. मेलेल्यांच्या पानावर तिला लावताना तिच्या आईला विचारलंत का?

आता घरचं. आईच्या पहिल्या मुलीचा, महानंदाचा, जत्रेत काढलेला एकच फोटो होता, तो घराखाली गेला. आई रोज मोबाईलवर तिची कोरी चौकट उघडून बसायची. फोटो नाहीच, असं मी सांगितलं की म्हणायची, "रेंज आली की येईल." फोटो यायला उशीर होणं आणि मुळात तो नसणं, हा फरक मला संगणकाला शिकवता आला. आईला नाही.

रविवारी स्मृतिस्तंभापाशी त्या चौकटीत फोटो आला. "आलं बग, माझं लेकरू आलं," म्हणत आई सगळ्यांना दाखवत सुटली. शेजारच्या मल्लम्माकाकूंनी आपल्या मुलीची चौकट उघडली. तोच चेहरा. "तुझी कुठली? हनुवटी बग, ही माझी हाय," काकू म्हणाल्या. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये एका चुलीवर दिवस काढलेल्या त्या दोघींनी भर गर्दीत एकमेकींचे मोबाईल ओढले. आता बोलत नाहीत. आई जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवते.

तुम्ही फोनवर हसलात. "बायकांचं काय," म्हणालात.

आज मी तो फोटो पानावरून काढून टाकला आणि पासवर्ड बदलला. पण आईच्या मोबाईलमध्ये जुनं पान साठलेलं आहे, तिला अजून तो चेहरा दिसतो. दोन-चार दिवसांत तोही जाईल. त्याआधी तुम्ही जा. दोघींना समोर बसवून सांगा, तो फोटो कुणाचा आहे आणि कुणी लावला.

मी सांगणार नाही. आजवर माझ्याच तोंडाकडे बघून आई महानंदाच्या चेहऱ्याचा अंदाज करत आली. मी सांगितलं, तर पुन्हा कधी माझ्याकडे बघणार नाही.

उत्तर लिहू नका. जा.

महानंदाची धाकटी बहीण,
राजश्री