मदत करत नसल्याचा दाखला

९ ऑक्टोबर

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. मी बरी आहे. तुम्हीही बऱ्या असाल असं धरून चालते, कारण दोन पानांत गुडघ्याबद्दल एक ओळ नाही, सगळा माझ्यावरचा राग आहे. गुडघा दुखत असता तर त्याचा नंबर आधी लागला असता.

इथे थंडी सुरू झाली. घरमालकीणबाईंनी जिन्याच्या कठड्याला रंग दिला, तो अजून वाळत नाही, त्यामुळे सगळे बिऱ्हाडकरू हात खिशात घालून जिना चढतात. माझा खोकला गेला. एवढीच बातमी.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही शिवणक्लासच्या कमाईतून पाठवलेले पैसे मी परत केले आणि सोबत चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. तुम्ही लिहिलंत, "धाकटा गेला म्हणजे त्याची बहीणही गेली का तुझ्या लेखी? पैसे परत करायला मी काय सावकार आहे? का वकीलसाहेबांना आमचे पैसे चालत नाहीत?" चूक माझीच आहे, पण कारण सांगायचं तर फीपासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला कंटाळा येईल. तरी वाचा.

मी कायद्यात पीएच.डी. करते हे तुम्हाला माहीत आहे. ती फुकट चालली होती हे ह्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का, माहीत नाही. विद्यापीठातल्या नोकरदाराच्या नवऱ्याला किंवा बायकोला फी माफ असते. मग तो नोकरदार कुलगुरू असो की वायरमन. ह्यांनीच ते शोधून काढलं. सूचनाफलकावरची ट्यूब बदलताना शिडीवरून वाचलं आणि घरी येऊन म्हणाले, "फी माफ आहे. घेऊन टाक."

मी म्हटलं, "अहो, पीएच.डी. म्हणजे काय कोबीचा गड्डा आहे घेऊन टाकायला?"

"कोबीला पैसे पडतात," म्हणाले.

मग ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले, की आमची ही डॉक्टर होणार, पण इंजेक्शन देणार नाही. आणि तुम्ही म्हणाला होतात, "मग पाठ धरली तर काय लावणार, कलम?" त्यावर ते किती दिवस हसत होते. मी तेव्हा रागावले होते. वकिलाच्या ऑफिसात खरेदीखतं टाइप करण्यात इतकी वर्षं घालवून या वयात पुन्हा शिकायला लागलेल्या बाईची चेष्टा करू नये असं वाटायचं. आता कोणी करत नाही.

तर फीमाफीचा नियम असा आहे की नोकरदाराच्या स्थितीत बदल झाला की पंधरा दिवसांत कळवायचं. बदली, राजीनामा, निवृत्ती, मृत्यू, असे चार शब्द आहेत. ह्यांचं दिवसकार्य उरकून तुम्ही परत गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फीच्या खिडकीवर गेले आणि कळवलं.

खिडकीवरच्या बाई ह्यांना ओळखत होत्या. त्यांनी ते कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "अगं बाई, एवढी घाई कोणी सांगितली होती? टर्म संपल्यावर आली असतीस. मला काही दिसलं नसतं."

मी म्हटलं, "मग आता राहू द्या, नंतर भरा."

"आता कुठलं? आता भरलं गेलं. आत गेलेलं बाहेर येत नाही."

त्याच दिवसापासून माफी बंद झाली आणि उरलेल्या टर्मची फी माझ्या नावावर चढली. माझ्या मार्गदर्शक मॅडमना कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "जन्मभर कायदा शिकवला, असला विद्यार्थी नाही पाहिला. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी बोलावलं होतं तुला?"

त्यांना वाटलं मी फार नियमाची आहे. तसं नव्हतं, वन्सं. घरी सांगायला कोणी नव्हतं आणि बाहेर सगळ्यांना आधीच माहीत होतं. लोक मलाच विचारायचे, "शॉक लागून का?" आणि मी म्हणायची, "नाही, चहा पिताना, खुर्चीत." म्हणजे मूळ गोष्ट त्यांनीच धरून चाललेली असायची, मी फक्त दुरुस्ती करायची. ती एकच खिडकी राहिली होती जिथे मला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागणार होतं, की माझे मिस्टर वारले. ते म्हणून बघायचं होतं. ते महाग पडलं.

मग मॅडमनीच एक शिष्यवृत्ती शोधली. शिक्षण चालू असताना नवरा गेलेल्या बायकांसाठी आहे. पूर्ण फी आणि वर खर्चापुरतं काही. मॅडम म्हणाल्या, तुझ्याशिवाय आणखी कोण बसणार आहे या अटींत, मिळालीच समज. मृत्यूचा दाखला, ह्यांच्या पगाराचा कागद, माझी गुणपत्रिका, सगळं लावलं. एक राहिलं. नवऱ्याच्या घरच्या जवळच्या मोठ्या माणसाने सही करून द्यायचं असतं, की आम्ही अर्जदार स्त्रीला कोणत्याही प्रकारची मदत करत नाही.

ह्यांच्या घरचं मोठं माणूस म्हणजे तुम्ही. दुसरं कोणी नाहीच.

म्हणून पैसे आले त्याच दिवशी परत केले. ठेवून घेतले असते आणि मग दाखला मागितला असता, तर तुम्हाला खोटी सही करावी लागली असती. परत केले म्हणजे खरी ठरेल, असा माझा विचार. चिठ्ठी ठेवली नाही, कारण चिठ्ठीत पुढचं लिहावं लागलं असतं, की आता सही द्या.

शिष्यवृत्तीच्या साहेबांना मी विचारलं होतं, "कोणत्याही प्रकारची म्हणजे काय काय?"

"पैसे, धान्य, राहायला जागा."

"आणि स्वेटर?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. तुम्ही विणलेला तो राखाडी माझ्या अंगात होता. म्हणाले, "बाई, स्वेटर मी बघितलेला नाही."

कोरा दाखला घरी आणला. टेबलावर ठेवला, मग पुस्तकांखाली, मग परत टेबलावर. पाकिटावर तुमचा पत्ताही लिहिला. पण टाकवेना.

माझा विषय तुम्हाला कोणी नीट सांगितला नाही, कारण तुम्ही विचारलंत की हे कोबीचं सांगायचे. विषय असा, की माणूस कामावर असताना गेला तर त्याच्यावर अवलंबून कोण कोण होतं, हे कायदा कसं ठरवतो. यादी असते. बायको, मुलं, आईवडील. मोठी बहीण नसते. तिसऱ्या प्रकरणात मी त्यावर चार पानं लिहिली आहेत, की ज्या बहिणीने भावाला आईच्या मागे वाढवलं तिला ही यादी ओळखत नाही. खरं सांगते, ते लिहिताना तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे नव्हतात. एक मुद्दा म्हणून लिहिलं. मॅडमनी समासात "छान" लिहिलं होतं.

मग हे गेल्यावर आपण दोघी फंडाच्या कागदांसाठी ह्यांच्या ऑफिसात गेलो. तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसला होतात, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. कारकून एकेक कागद पुढे करत होता आणि मी सही करत होते. एकाही कागदावर तुमच्यासाठी जागा नव्हती. शेवटी त्याने विचारलं, "या कोण?" आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी सोबत आले आहे."

तुम्ही कोण ते मी तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढचा कागद आला, त्यावर सही केली.

आणि तुमचं नाव पहिल्यांदा मागणारा कागद आला तो हा. त्यात तुम्ही लिहून द्यायचं, की माझं हिच्याशी देणंघेणं नाही.

घराचं म्हणाल तर घर ठीक आहे. ह्यांनी झोपायच्या खोलीत दोन बटणं बसवली होती, एक दाराशी, एक उशाशी, आणि दिवा एकच. मी दाराशी लावला की हे उशाशी बंद करायचे, मुद्दाम, मी काळोखात ठेचकाळावं म्हणून, आणि मग हसायचे. यावरून आमची किती भांडणं झाली असतील. आता मी जसं ठेवते तसं राहतं. लावला तर लागलेला, बंद तर बंद.

जे लिहायचं टाळत होते ते आता लिहिते. पैसे परत करण्याचं कारण नियम होता. तुमचा फोन उचलत नाही, त्याचा नियमाशी काही संबंध नाही. तुम्ही पत्रात फोनबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणजे तेच जास्त लागलं असणार, हे मला कळतं.

तुम्ही दोघं सारखं बोलता. तुम्हाला हे ठाऊक नसेल, कारण आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आधी घसा साफ करायचा, मग "हं" म्हणायचं, आणि मग थोडं थांबून, "काय चाललंय." प्रश्न विचारल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. तुमचा आवाज बाईमाणसाचा असून जाड, ह्यांचा पुरुषाचा असून मऊ. फोनवर ते दोन्ही एकाच जागी येऊन मिळतात.

तुम्ही परत गेल्यावर पहिला फोन आला तेव्हा मी चटका बसल्यासारखी उठले. तुम्ही म्हणालात, "हं. काय चाललंय." आणि मी म्हटलं, "अहो, कुठे आहात?"

तुम्हाला वाटलं मी तुम्हालाच विचारते आहे. तुम्ही म्हणालात, "घरीच. आणखी कुठे असणार?"

मी फोन ठेवला. लाइन गेली असं तुम्हाला वाटलं असेल. त्यानंतर दर रविवारी फोन वाजतो, मी समोर बसते, तो थांबेपर्यंत बसते. उचलायची भीती वाटते, आणि तुम्ही एखाद्या रविवारी करायचाच सोडून द्याल, याचीही. प्रबंधात असतं तर म्हटलं असतं की दोन्ही विधानं एकाच वेळी टिकत नाहीत. टिकतात.

शुक्रवारी मी मॅडमना जाऊन सांगितलं, की तो दाखला मी देणार नाही.

"एका सहीपायी?" त्या म्हणाल्या.

"सही खोटी होईल."

"कोण येणार आहे बघायला?"

"ज्या करतील त्या बघतील ना."

त्या चिडल्या. खूप वेळ कागद इकडचे तिकडे केले. मग म्हणाल्या, पार्ट-टाइम नोंदणी करून घे. फी निम्म्याहून कमी पडते, वर्षं वाढतात. संध्याकाळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवायला माणूस हवा आहे, तासावर पैसे देतात, जाशील का? मी हो म्हटलं. आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोललेली नाही. सोमवारपासून साठ जणांपुढे बोलायचं आहे. हसा.

सगळं धरूनही दर टर्मला थोडं कमी पडतं. पार्ट-टाइमच्या अर्जात विचारलेलं असतं, की अर्जदार फी भरू न शकल्यास जबाबदारी कोणाची. नाव, पत्ता, नातं. मी तुमचं नाव लिहिलं. नात्यापुढे नणंद लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "यांना विचारलंय का?" मी म्हटलं, "विचारते." तोवर त्यांनी भरून टाकलं. आणि तुम्हाला सांगितलंच आहे, आत गेलेलं बाहेर येत नाही.

तेव्हा वन्सं, ते पैसे पुन्हा पाठवा. मी ठेवून घेईन. उसने म्हणून घेणार नाही, नुसते घेईन. जाताना मला तिकडे येऊन राहायला बोलावलंत त्याचं उत्तर अजून नाही माझ्याकडे. हे संपेपर्यंत इथेच राहावं असं वाटतं. तुम्हीच इकडे आलात तर दुसरी खोली रिकामी आहे.

आणि रविवारी फोन करा. मी उचलेन. लगेच बोलता येईलच असं नाही. मी गप्प राहिले तर लाइन गेली असं समजू नका, ठेवू नका. तुम्ही बोलत राहा. मी ऐकत असेन. मध्येच चुकून ह्यांना हाक मारली, तर तीही ऐकून घ्या. ती हाक दुसऱ्या कोणापुढे मारता येत नाही.

तुमची,
भावजय