नकुशीचा पहिला नंबर

वरवंड, ता. दौंड
१२ फेब्रुवारी १९६२

आदरणीय बाबुलाल मामूंना भाचा मेहमूदचा अदबीनं सलाम. इकडे सगळे खुशाल आहेत (एक मेंढी सोडून, ते पुढे येईलच). तुमची तब्येत आणि मामींचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तर झालं असं, की पुण्याहून एक डॉक्टर आले. म्हातारपणी माणसं पोटच्या पोरांची नावं विसरतात, त्या मेंदूच्या रोगाचा ते शोध घेतात, आणि त्यासाठी आधी मेंढरांची अक्कल तपासतात. (माणसांची का नाही, असं मी विचारलं. माणसं कॉपी करतात, म्हणाले.) परीक्षा सोपी: एक निळी बादली, एक पिवळी, दोन्हींवर झाकण. भरडा पिवळीत. मेंढीनं वीस वेळा बादली निवडायची. सोसायटीचे चेअरमन मारुतराव यांची मेंढी तीनदा निळीकडे गेली आणि चौथ्यांदा डॉक्टरांचा निकालाचा कागद खाऊन मोकळी झाली. आमची नकुशी मात्र वीसपैकी वीस! मामू, आपल्या घराण्यात सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नाही (तुम्ही गेला होतात, पण आठ दिवसांत परत आलात). मी पेढे वाटले. नकुशीला हार घालून स्टँडपर्यंत मिरवणूक काढली. मारुतरावांच्या दारात हलगी जरा जास्तच वाजली.

परत आलो तर डॉक्टर म्हणाले, उत्तम, पहिल्या नंबरची मेंढी आता पुण्याला नेऊ आणि मेंदू उघडून बघू. हलगी जागीच थांबली. मारुतरावांनी तेवढ्यात नकुशीसाठी स्वतःतर्फे हार मागवला. "पोरगी हुशार निघाली, मेहमूदभाई," म्हणाले, "आता पुन्याला जानारच की!"

नकुशीची आई ती जन्मताच मेली, तेव्हापासून तुमच्या भाचेसुनेनं, जन्नतबीनं, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिनं चूलच पेटवली नाही. "आधी तुमचाच मेंदू उघडा म्हनावं, काय हाय का बघू," एवढं मला बोलली आणि रडायला लागली. खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं.

मग मी फेरपरीक्षा मागितली. निळ्या बादलीमागं बसून हरभऱ्याचा पाला दाखवला, हाका मारल्या. नकुशीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिवळीकडे गेली. पुन्हा वीस. शेवटी मी कबूल केलं, की डॉक्टर बादल्यांची परीक्षा घेणार हे कळल्यापासून जन्नतबीनं पंधरा दिवस घरीच तिची शिकवणी घेतली होती. वाटलं, चिडून नापास करतील. तर डॉक्टर खुर्चीतून उठलेच. शिकवलेलं इतकं ध्यानात राहतं? मग ही न्यायलाच हवी!

मामींना सलाम, मुलांना दुवा.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
मेहमूद

ता.क. नकुशी सुटली. जन्नतबीचं रडणं पाहून डॉक्टर विरघळले, पण एका अटीवर. तिच्या बदल्यात साठीच्या पुढचं, डोकं शाबूत असलेलं एक माणूस तपासायला द्यायचं. मला पटकन तुमचंच नाव सुचलं. शुक्रवारी ते तुमच्याकडे शिरूरला येताहेत, बादल्या घेऊन.

आणखी एक ता.क. मामू, तुमच्या पाया पडतो, पहिला नंबर तेवढा पटकावू नका.