भांडी घासणारं घोडं

९ फेब्रुवारी, रविवार

माझे हात काय झडलेत? प्रवीणचा फोन आला. "बाबा, तुम्हाला भांडी घासायचं मशीन घेतोय." तुम्हाला! जसं काही मीच मागितलं. डिशवॉशर म्हणतात त्याला. त्याच्या मुंबईच्या घरी आहे. आमची सून रेश्मा कामावरून दमून येते, तिथे ठीक. इथे डोंगराच्या कुशीत मी नि बायको ठमा, दोन म्हातारी माणसं. दोन ताटं, चार वाट्या नि एक भाताचं डेचकं. त्याला यंत्र! घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथे पोटच्या पोरानंच धाडलं!

गेल्या साली ठमा विहिरीच्या पायरीवरून घसरली नि तिचं उजवं मनगट मोडलं. महाडला नेलं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले, पिळणं नाही, घासणं नाही. तेव्हापासून भांडी माझ्याकडे. दुपारची जेवणं झाली की मागच्या दारी धोंड्यापाशी बसतो, केळीकडे तोंड करून. पाणचुलीची राख, नारळाची शेंडी, दोन बालद्या. ठमा माझ्या मागे पायरीवर बसते, दुखरा हात मांडीवर घेऊन. मी घासतो नि बोलतो. ती ऐकते.

अख्ख्या संसारात एवढं बोललो नव्हतो. उमेदीची वर्षं मी मुंबईत गोदीवर, ती इथे शेतात. परत आलो तर शेत, गुरं, पोराचं शिक्षण. बोलायला कुणाला सवड! आता कुठे बायकोशी दोन शब्द बोलायला शिकलो, तर हे घोडं दारात. तो तास माझा आहे. मी तो कुणाला देणार नाही. पोराला नाही नि यंत्रालाही नाही.

१० फेब्रुवारी

राग उतरला नाही. अर्धी भाकरी टाकून उठलो. ठमाने का म्हणून विचारलंही नाही!

१२ फेब्रुवारी

गावभर झालं. देवळाजवळ हरिबा भेटला. हा माझ्या बरोबरीचा, तोंडाला कधी कुलूप नाही.

"काय रे रावजी, कामवाली ठेवतोस म्हन. विजेवर चालनारी!"

"तुझ्याकडं भांडी कोन घासतं?"

"बायको."

"मग तू गप बस."

गप बसला. पण हसत बसला. त्या हरिबाला काय ठाऊक, माझा हात कुठे तयार झालाय ते! चौदा वर्षांचा होतो, गिरगावात एका खानावळीत ताटं घासायला राहिलो. जेवायची घाई झाली की समोर ताटांचा डोंगर. इकडे बाप गावात सांगायचा, पोरगं हापिसात लागलं. ठमाच्या बापानेही तेच ऐकून पोरगी दिली. पुढे पुडीचे कागद जुळवून जुळवून वाचायला शिकलो, गोदीवर लागलो, साहेबाच्या सह्या ओळखायला लागलो. पण खानावळीचं कुणालाच सांगितलं नाही. प्रवीणला तर नाहीच.

गेल्या श्रावणात त्या धोंड्यापाशी ठमाला सांगितलं. डेचकं घासता घासता, एका दमात. ती म्हणाली, "हं." बस. हसली नाही, फसवलंत म्हणाली नाही, एक प्रश्न नाही. केवढं मोठं मन! मी पुढची वाटी घेतली नि डोळे पुसले, राख गेली म्हणून.

असलं माणूस ऐकायला मिळाल्यावर मी काय मशीनच्या तोंडाकडे बघू?

१६ फेब्रुवारी, रविवार

आज महाडला जाऊन घोडं पसंत करून आलो. मी केलं नाही, प्रवीणने केलं.

तो रेल्वेने वीर स्टेशनला उतरला, तिथून रिक्षाने बाजारात. मी एस.टी.ने गेलो. पोत्यात आमची मोठी परात घालून नेली, मापाला. नाकापेक्षा मोती जड असेल तर आधीच कळलेलं बरं. दुकानातल्या पोराने पोतं बघितलं नि म्हणाला, "काका, भंगार पलीकडच्या गल्लीत घेतात." प्रवीण माझा मुलगाच नाही अशा थाटात पंख्यांच्या किमती बघायला लागला.

परात आत उभी राहीना. तिरकी केली तर आतलं पाण्याचं पातं अडलं. "बघा!" मी म्हटलं. दुकानातला पोरगा म्हणतो, "परात हातानं धुवायची काका." तवा? हातानं. पितळी तांब्या? हातानं. लाकडी काथवट? "अजिबात नाय हां, तडकेल." मग उरलं काय? चार वाट्या! त्या तर मी एस.टी. येईपर्यंत उभ्या उभ्या घासतो.

मग म्हणाला, "काका, हातानं धुतलेल्या भांड्यांवर जंतू राहतात."

"मी एकाहत्तर वर्षांचा हाय. जंतू कंटाळून कवाच निघून गेले."

दुकान हसलं. प्रवीणसुद्धा. मग त्याने आईला फोन लावला नि काय बोंबलला! "आये! आये गो! मोठं घेऊ का बारकं? मोठं! का बारकं!" रस्त्यावरची माणसं थांबली. मी म्हटलं, "अरे, नेटवर्क काय विहिरीत पडलंय? ओरडतोस कशाला?" त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं.

फोनमधून ठमा म्हणाली, "मोठं घे."

माझ्या बाजूने एकच माणूस होतं. तेही फितूर!

आल्यावर विचारलं, तुला कशाला हवं गो ते? ती चुलीपुढे वाकली होती. म्हणाली, "हं."

२१ फेब्रुवारी

घोडं आलं. टेम्पो खालच्या वळणावर थांबला, चौघांनी खांद्यावरून चढवलं. वाटेत सगळं गाव बाहेर. लग्नाची वरात निघावी तसं! हरिबाने मुद्दाम नारळ आणून दिला, "नवरीला ओवाळा." नारळ ठेवून घेतला. त्याला मात्र चहा विचारला नाही.

२२ फेब्रुवारी

बसवायला महाडहून जितेश म्हणून पोरगा आला. बोलायला गोड. पण त्याच्या मागण्या! वेगळा नळ हवा, जाड पिनेचं सॉकेट हवं, टाकी आणखी उंच हवी, पाणी बाहेर जायला पाइप हवा. पाइप केळीत सोड म्हटलं. आजवर भांड्यांचं पाणी केळीलाच गेलंय. तर म्हणे, "नको काका, पावडरीचं पाणी असतं. खड्डा काढा." केळीने काय मग तोंडाकडे बघत बसायचं?

वर तीन औषधं. पावडर. चकाकीसाठी निळं पाणी. आणि मीठ! म्हटलं, भांड्यांना चव आणतोस काय? तो खो खो हसला. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

कसंबसं सगळं जमवलं नि मशीन लावलं, तर दोन-अडीच तास चाललं. अडीच तास! तेवढ्यात मी भांडी घासून, दाढी करून, खाली दुकानात जाऊन आलो असतो. दार उघडलं तर गरम वाफ. चष्मा लावून एकेक वाटी उजेडात धरली. डाग शोधला. सापडला नाही. त्यामुळे डोक्यात आणखीच तिडीक गेली.

दुपारी सवयीने मागच्या दारी जाऊन बसलो. धोंडा कोरडा. ठमा आत मशीनजवळ. वासराच्या पाठीवर ठेवावा तसा डावा हात त्याच्या दारावर. स्टूल घेऊन बसलेली, नि समोर दुसरं स्टूल मांडलेलं.

"या की बसायला."

म्हटलं, मला गुरांकडे बघायचंय.

गुरं विकून तीन वर्षं झाली.

२३ फेब्रुवारी

दोन स्टुलं अजून तशीच समोरासमोर. मी ओटीवर बसलो.

२५ फेब्रुवारी

आज जे केलं ते चांगल्या मनाने केलं, हे आधी लिहून ठेवतो.

त्या पावडरीचा वास भाताला येतो. आजीने, आईने, ठमाने राखेने भांडी घासली, कुणाच्या पोटात दुखलं नाही. म्हटलं, मशीन राहू दे, पण आत राख घालू. दोघांचं भागेल. पाणचुलीची राख वस्त्रगाळ केली नि पावडरीच्या खणात दाबून भरली. अगदी प्रेमाने.

थोडा वेळ चाललं. मग आतून ओकारी काढल्यासारखा आवाज. लाल दिवा उघडमीट करायला लागला. दार उघडलं तर तळाला काळं पाणी साचलेलं नि वाट्यांवर चिखल.

जितेशला फोन केला. मशीन आपोआप बंद पडलं, असं सांगितलं. आपोआप!

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. रताळी नि वरीची भांडी. मशीन बंद, म्हणून मी धोंड्यापाशी, ठमा पायरीवर. काय बरं वाटलं! हरिबाचा नारळ, जितेशचा खड्डा, दुकानातला पोरगा, सगळं सांगून टाकलं. राखेचंही कबूल केलं. ती मागून "हं, हं" म्हणत होती. केळीनेही पाणी प्यायलं.

मनात म्हटलं, देवा, जितेशला चार दिवस ताप येऊ दे. साधासाच.

२८ फेब्रुवारी

ताप आला नाही. जितेश आला. खालची जाळी काढली, बोटावर काळा लगदा घेतला नि विचारलं, "आजी, यात सिमेंट कुनी घातलं?"

ठमा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, खुणेने, बोट दाखवून.

"मी," ती म्हणाली. "राख हाय ती. मीच घातली."

मी तिथेच उभा! जितेश तिला समजावत होता, पावडरच घाला आजी, चूल वेगळी नि मशीन वेगळं. ती मान डोलवत होती, शाळेत चुकलेल्या पोरीसारखी.

तो गेल्यावर मी उखडलो. माझं पाप तू का घेतलंस अंगावर? तुला कोणी वकील नेमलंय? बडबड करत तांब्या घेऊन मागच्या दारी गेलो, ती हाक मारत होती तरी वळलो नाही. मशीन आता ठणठणीत चालतं. जळो मेलं ते घोडं!

२ मार्च, रविवार

आज दुसऱ्या स्टुलावर बसलो. राग होता, पण पाय दुखत होते. मशीन आत घुरघुरत होतं. ठमा म्हणाली, "प्रवीनला मीच सांगितलेलं मशीन घ्यायला." मी उसळणार तेवढ्यात पुढे म्हणाली, "डावा कान कवाच गेला. उजव्यानंबी आता धड ऐकू नाय येत. तोंड दिसलं तर कळतं. तुमी तिकडं तोंड करून बसनार, वर भांड्यांचा खडखडाट. वरीस झालं, तुमची पाठ बघतेय नि हं हं करतेय. काय बोलत होता ते सांगा की आता."

वर्षभर केळीला सांगत होतो म्हणायचं!

म्हणजे खानावळीचंही तिला ठाऊक नाही. पाठ करून बोलणं सोपं होतं. आता ती माझ्या ओठांवर नजर लावून बसली होती. घसा खाकरला नि म्हटलं, "मी चौदा वर्षांचा होतो..."

अडीच तास घेतं म्हणून त्या मशीनला शिव्या घातल्या. आज ते लवकर थांबलं.